पंधरा वर्षं ओढणाऱ्याला काही झालं नाही, मग मलाच काहून?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा मुलगा २७ वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, घरी सहा एकर वावर, कापूस आणि तूर. गांजा कॉलेजात सुरू झाला, गेली पाच वर्षं जवळपास रोज, संध्याकाळी कॅनलच्या पुलावर चार-पाच जण बसतात, तंबाखू मिसळलेली चिलीम फिरते. जूनपासून त्याला उलट्यांचे झटके येतात. सकाळी सुरू होतात, दोन-तीन दिवस पोटात काही टिकत नाही, मग तीन-चार आठवडे एकदम ठीक, मग परत. गावातल्या डॉक्टरनं ॲसिडिटी म्हणून तीनदा औषध दिलं. गांज्याचं डॉक्टरला सांगितलं नाही, कारण तिथला कंपाउंडर नात्यातला आहे आणि पोलिसांची भीती. पुलावर ज्याला सगळे दादा म्हणतात तो १५ वर्षांपासून ओढतो, त्याला काही झालं नाही, त्याचा सल्ला असा की दोन कश जास्त मार, उलटी थांबते. मोबाईलवर व्हिडिओ येतात की गांज्यानं कॅन्सरही बरा होतो. आई म्हणते नजर लागली. आणखी तीन गोष्टी पत्रात ओझरत्या आल्यात: एक, पुलावर येणारा एक पोरगा आता येत नाही, "त्याचं डोकं फिरलं, पण तो पहिलेपासूनच तसा होता". दोन, १६ वर्षांचा चुलतभाऊ 'मलाही ने' म्हणून मागे लागलाय. तीन, उलटीच्या वेळी कढत पाण्यानं आंघोळ केली की बरं वाटतं. आणि प्रश्न: "ताई, ज्याले गांज्यातलं समजते त्याच्यावर भरोसा ठेवू का ज्याले औषधातलं समजते त्याच्यावर?"

भाऊ,

कढत पाण्याची गोष्ट तू पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता एका ओळीत लिहिलीस. मी आधी तिथंच थांबते, कारण माझ्या अंदाजानं तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि ती तू पुलावरही सांगितली नसशील अन् दवाखान्यातही नाही.

वर्षानुवर्षं जवळपास रोज गांजा घेणाऱ्या काही लोकांना उलट्यांचा एक आजार होतो. नाव लांबलचक आहे, कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस सिंड्रोम, २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. त्याची लक्षणं ऐक. झटके येतात आणि जातात, मधले दिवस माणूस ठणठणीत. पोटात दुखतं. नेहमीच्या उलटीच्या गोळीनं फारसा फरक पडत नाही. आणि गरम पाण्यानं आंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून माणूस दिवसातून तीन-तीन चार-चारदा अंगावर गरम पाणी घेत बसतो. गांजा पूर्ण बंद केला की काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी झटके थांबतात, परत सुरू केला की परत येतात. लोकांना हे पटत नाही कारण उलटं वाटतं, गांज्यानं तर मळमळ कमी होते असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते खोटंही नाही, कॅन्सरच्या केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी गांज्यातल्या घटकासारखी बनवलेली औषधं बाहेरच्या देशांत डॉक्टर लिहून देतात. पण रोजच्या जड वापरात काही जणांच्या शरीरात तोच पदार्थ उलटा वागायला लागतो. आता दादाचा सल्ला परत आठव, दोन कश जास्त मार. तो तुझं वाईट चिंतत नाहीये, त्याला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतोय. पण तुला खरंच हाच आजार असेल तर तो सल्ला म्हणजे आगीवर रॉकेल आहे.

असेल तर, असं म्हणतेय मी. मी डॉक्टर नाही, १८ वर्षं तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिलेली बाई आहे, आणि पत्र वाचून कोणाचा आजार ठरवू नये एवढं मला तिथं कळलं. पित्ताशयातले खडे, पोटातला अल्सर, स्वादुपिंडाची सूज, कावीळ, किडनी, उलट्यांना पन्नास कारणं असतात. आणि तुझ्या बाबतीत आणखी एक, ज्याचा पत्रात उल्लेखच नाही: तू कपाशीवर फवारणी करतोस का? जूनपासून त्रास आहे म्हणजे फवारणीचे महिने त्यातच आले. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, हे तुला मी सांगायला नको. उलट्या, पोटात कळा, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यापुढे अंधारी, हे सगळं फवारणीनंही होतं. डॉक्टरला दोन्ही सांगावं लागेल, कधी फवारलं, कोणतं औषध होतं, तोंडाला काही बांधलं होतं का, आणि गांजा. त्यातलं एक लपवलं तरी तो चुकीच्या वाटेनं जाईल.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. गांज्यातलं कळणारा की औषधातलं कळणारा. तू असं धरून चाललाय की डॉक्टरला गांज्यातलं कळत नाही, आणि पुरावा म्हणून सांगतोस की तीन वेळा ॲसिडिटीची गोळी दिली, काही उपयोग झाला नाही. पण भाऊ, त्या माणसाला तू काय सांगितलं? २७ वर्षांचा पोरगा, सकाळी उलट्या, सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो. एवढ्यावर तोही बिचारा ॲसिडिटीच म्हणणार, मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पुलावर दादाला तुझं सगळं माहीत आहे, किती ओढतो, कधी ओढतो, घरी काय चाललंय, आणि डॉक्टरला निम्मंही नाही, आणि मग आपण म्हणतो दादाला जास्त कळतं. दादाला तू जास्त सांगितलंय, एवढाच तो फरक असेल का, याचा एकदा विचार कर.

तू का सांगितलं नाही हे मला समजतं. माझ्याच दुकानातली गोष्ट सांगते, अजून टोचते मला. एक पोरगा आला होता, असेल विशीचा, काउंटरला वाकून हळू आवाजात विचारायला लागला की रात्री छातीत धडधड होते, गांजा ओढल्यावर जास्त होते, काही गोळी आहे का. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं होती आणि मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलले त्याला, लाज नाही वाटत का, मायबापाचा विचार कर वगैरे. तो काही न बोलता गेला. परत कधी आला नाही. त्याला खरी माहिती द्यायची होती, की गांज्यानं हृदयाचे ठोके वाढतात, की ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याला तो धोक्याचा ठरू शकतो, की एकदा ईसीजी काढून घे. त्यातलं एक वाक्य मी बोलले नाही. त्या दिवसानंतर त्यानं कोणाला विचारलं असेल? पुलावरच विचारलं असेल. तिथं त्याला कोणी लाज नाही वाटत का असं म्हणालं नसेल.

म्हणून पुलावरच्या भरोशाला मी नावं ठेवणार नाही, तो कमावलेला असतो. अमेरिकेत तर आता कितीतरी राज्यांत गांजा दुकानात कायद्यानं मिळतो, दवाखाने आपल्यापेक्षा जास्त, तरी तिथंही वापरणारे माहिती घेतात ती आधी स्वतःच्या अनुभवातून, मग मित्रांकडून, मग इंटरनेटवरून आणि दुकानातल्या विकणाऱ्याकडून, डॉक्टरचा नंबर बराच खाली लागतो. आणि तज्ञांवरचा अविश्वासही हवेतून आलेला नाही. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये गांजा-भांग-चरस यावर एक मोठं कमिशन नेमलं होतं, देशभर फिरून शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. तोपर्यंत असा समज होता की पागलखाने गांजा ओढणाऱ्यांनी भरलेत. कमिशननं पागलखान्यांची रजिस्टरं तपासली तर दिसलं की वेडाचं कारण म्हणून कित्येकदा नीट चौकशी न करताच 'गांजा' असं लिहून टाकलं होतं. कारण सापडलं नाही, लिहा गांजा. तेव्हापासून गांजा ओढणाऱ्याला वाटत आलंय की हे शिकलेले लोक आपल्याबद्दल आधीच ठरवून बसलेत, आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

त्याच कमिशननं असंही म्हटलं होतं की बेताच्या वापरानं फार नुकसान होत नाही, अति वापरानं होतं. व्हिडिओवाले यातलं पहिलं अर्धं वाक्य सांगतात. पाच वर्षं रोज, हे बेताचं आहे का, ते तूच ठरव.

आता दादाबद्दल. १५ वर्षं ओढतो आणि त्याला काही झालं नाही, हे मी खरं मानते. त्याला बऱ्याच गोष्टी खरंच कळतात, पुडीतला माल कडक आहे का, दारूवर चिलीम मारली की माणूस का आडवा होतो, नवीन पोरगा घाबरला तर त्याला कसं शांत करायचं. हे ज्ञान खोटं नाही आणि हे तुला कोणी डॉक्टर शिकवणार नाही. पण त्याच्या फुफ्फुसात काय चाललंय हे त्यालाच माहीत नाही, तुझ्या पोटात काय चाललंय हे त्याला कसं कळणार? आणि मुख्य गोष्ट, पुलावर कोण बसलेलं असतं? ज्यांना अजून काही झालं नाही ते. ज्याला झालं तो घरी असतो, नाहीतर दर्ग्यावर नेलेला असतो, नाहीतर नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालयात ॲडमिट असतो. तो पुलावर येऊन आपलं मत देत नाही. तुझ्याच पत्रात आहे की एक पोरगा आता येत नाही. त्याच्याबद्दल सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की तो पहिलेपासूनच तसा होता. होता का? का आता तसं म्हणणं सोपं पडतं? तुमच्या पाच-सहा जणांत एक दादा आहे ज्याला काही झालं नाही आणि एक तो आहे ज्याला झालं, आणि हिशेब करताना तुम्ही फक्त दादाला मोजता.

स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या ४५,५७० तरुणांवर १५ वर्षं लक्ष ठेवून १९८७ मध्ये एक अभ्यास छापून आला. भरतीच्या वेळेपर्यंत ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा गंभीर मानसिक आजार, होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. हे नीट समजून घे हां, याचा अर्थ ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो असा नाही, बहुतेकांना हा आजार झाला नाही, म्हणून तर दादासारखी माणसं प्रत्येक गावात सापडतात. आणि नुसत्या गांज्यानंच झालं असंही एका अभ्यासावरून ठरत नाही. पण नंतरच्या अभ्यासांतही तीच दिशा दिसत राहिली, जेवढं कमी वय, जेवढा जास्त वापर, तेवढा धोका जास्त, आणि घरात कोणाला असा आजार असेल तर आणखी जास्त. तो पोरगा 'पहिलेपासूनच तसा' असेलही. मग तर त्याच्यासाठी चिलीम जास्तच धोक्याची होती, आणि हे पुलावर कोणालाच माहीत नव्हतं.

यावरून तुझ्या चुलतभावाचं. १६ वर्षांच्या पोराला तू नेऊ नको, एवढं मी स्पष्ट सांगते, इथं दोन बाजू नाहीत. त्याला पुस्तकी भाषण देऊ नको, तुझ्या उलट्यांचं खरं सांग, तू त्याचा दादा आहेस, तो तुझं ऐकतो.

व्हिडिओंचं थोडं वेगळं आहे. त्यातलं सगळं खोटं असतं असं नाही, अडचण अशी की ती माहिती दुसऱ्या जागेची असते. कॅनडात २०१८ पासून गांजा कायद्यानं विकतात, पाकिटावर छापलेलं असतं की नशा आणणारा घटक किती टक्के, म्हणून तिथला माणूस मिलिग्राममध्ये बोलू शकतो. तुझ्या पुडीवर काय छापलंय? विकणारा म्हणतो आंध्र-ओडिशा बॉर्डरचा एक नंबर माल, तो तर म्हणणारच, त्याचं पोट त्यावर आहे. तिथले पुष्कळ लोक तंबाखू न मिसळता ओढतात, आपल्याकडे अर्धी चिलीम तंबाखूची असते आणि दिवसभर वरून खर्रा, मग तलफ गांज्याची आहे का तंबाखूची हेही कळेनासं होतं. फिट येणाऱ्या लेकरांचं औषध गांज्यातून निघतं म्हणतात ते खरं आहे, २०१८ मध्ये अमेरिकेत दोन दुर्मिळ प्रकारच्या फिटसाठी तसं औषध मंजूर झालं, पण ते शुद्ध केलेलं, मोजून द्यायचं, नशा न आणणारं औषध आहे, चिलमीशी त्याचं नातं उसाच्या रसाचं दारूशी असतं तेवढं. आणि कॅन्सर बरा होतो हे माणसांवर सिद्ध झालेलं नाही. यावर मी जोर देऊन लिहितेय कारण काउंटरवर मी अशी माणसं पाहिलीत ज्यांनी गाठ अंगावर काढली, कोणीतरी काहीतरी सांगितलं म्हणून, आणि दवाखान्यात पोचले तेव्हा उशीर झाला होता.

महाशिवरात्रीला भांगेचं विचारायला लोक यायचे, त्यांच्यासाठीही एक सांगते, भांग पोटात गेल्यावर चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात, काहीच होत नाही म्हणून माणूस दुसरा ग्लास घेतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. हृदयाची झडप बदललेली असेल आणि रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका, गांजा-भांगेनं त्या गोळीचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो.

आता पोलिसांची भीती. गांजा ओढणं गुन्हा आहे, १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, यात मी तुला खोटा धीर देणार नाही. पण पेशंटनं मी गांजा ओढतो असं सांगितलं एवढ्यावरून डॉक्टरनं पोलिसांना कळवावं असा नियम नाही. उलट पेशंटची गोष्ट गुप्त ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये तर व्यसनाच्या उपचाराची माहिती गुप्त राहणं हा पेशंटचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. त्याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे, ते आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं: व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अगदी थोडा माल जवळ असल्याचा गुन्हा असला आणि त्यानं स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेऊन पूर्ण केला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. म्हणजे कायदा तुला दवाखान्याकडे ढकलतोय. तू पुलावर बसतोस त्यात पकडलं जाण्याची शक्यता जास्त आहे, डॉक्टरच्या खुर्चीसमोर बसण्यात नाही.

कंपाउंडरची भीती मात्र खरी आहे. गावात बातमी बैलगाडीच्या आधी घरी पोचते. म्हणून गावातल्या दवाखान्यात नकोच. एसटी पकड आणि यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जा, केसपेपरला फार पैसे लागत नाहीत, तिथं तुला कोणी ओळखत नाही. आधी पोटाचा डॉक्टर म्हणजे मेडिसिन ओपीडी, मग तिथूनच मानसोपचार ओपीडीला पाठवायला सांग. मानसोपचार म्हणजे वेड्याचा डॉक्टर हे डोक्यातून काढ, व्यसनाचा डॉक्टर तोच असतो. वर्ध्याकडे जवळ पडत असेल तर सेवाग्रामलाही दोन्ही विभाग आहेत. अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरकडचे वाचत असतील तर तुमच्याकडेही सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि बाकी जिल्ह्यांत जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आधी फोन करून विचारा.

आत गेल्यावर तोंडातून शब्द निघत नाही, हे मला माहीत आहे, मागे लाईन असते, डॉक्टर घाईत असतो. म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून ने आणि नुसती पुढे सरकव. त्यावर असं लिही: "पाच वर्षांपासून रोज गांजा ओढतो, तंबाखू मिसळून. दिवसातून इतक्या चिलमी. शेवटची कधी ओढली. खर्रा किती. दारू किती, किती दिवसांनी. जूनपासून उलट्यांचे इतके झटके. गरम पाण्यानं आंघोळ केली की बरं वाटते. फवारणी या या तारखांना केली. वजन इतकं कमी झालं. घरच्यांना माहीत नाही, कृपया सांगू नका. माझ्या उलट्या गांज्यानं असू शकतात का?" हा शेवटचा प्रश्न नक्की लिही. तो वाचून डॉक्टरनं तपासलं, आणखी चार प्रश्न विचारले, तर तो माणूस कामाचा आहे. नुसता रागावला, तर ते त्याचं चुकलं, तुझं नाही. अशा वेळी उठून परत पुलावर जाऊ नको, दुसरा डॉक्टर बघ. दादा एकदा चुकला म्हणून तू दादाला सोडलं नाहीस ना, मग डॉक्टर नावाच्या सगळ्या जमातीला एका माणसावरून कशाला सोडायचं.

एवढं जमायच्या आधी नुसतं कोणाशी तरी बोलून बघायचं असेल तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीचा वेगळा नंबर १४४४६. वावरात धुऱ्यावर बसून फोन केला तरी चालतो, चेहरा कोणाला दिसत नाही. फक्त एक, १९३३ हा नंबरही सगळीकडे लिहिलेला दिसतो, तो अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोचा आहे, तुझ्या कामासाठी पहिले दोन बरे.

त्याआधी झटका आला तर कढत पाण्याखाली तासभर बसू नको, चटके बसतात आणि उलट्यांनी कमी झालेलं पाणी घामावाटे आणखी जातं. ओआरएस घोट घोट घे. पाणीही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, उलटीत रक्त किंवा काळपट काही दिसलं, हातपाय वळायला लागले, छातीत दुखलं किंवा बोलणं असंबद्ध झालं तर कंपाउंडर नात्यातला आहे वगैरे सगळं विसर, जवळ जो दवाखाना असेल तिथं जा, १०८ बोलाव. या आजारात सलाईन वेळेवर लागलं नाही तर किडनीला मार बसू शकतो.

आणि बंद करायचं ठरवलं तर पुढे काय होईल हे आधीच माहीत असू दे. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप येत नाही, आली तर विचित्र स्वप्नं, भूक मरते, घाम येतो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक निवळतं, झोपेला थोडा जास्त वेळ लागतो. पुलावरचे म्हणतील बघ, सोडला तर आजारी पडला, म्हणजे गांजा औषधच होता. तसं नाहीये, शरीराला सवय झालेली ती सुटतेय. एकट्या गांज्याच्या सुटण्यानं जिवाला सहसा धोका नसतो, पण रोजची दारूही असेल तर ती मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम तोडू नको, त्यात फिट येऊ शकते. गांजा सोडवायची म्हणून ठरलेली अशी गोळी नाही, समुपदेशन हाच मुख्य उपचार. घरच्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर ऐका, जेवणात गुपचूप मिसळायच्या नशामुक्ती पावडरी आणू नका, त्यात काय असतं ते कोणी सांगत नाही. आणि खासगी केंद्रात टाकायचं झालं तर मानसिक आरोग्य कायद्याखालचं रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, साखळीनं बांधून ठेवायला कायद्यानं बंदी आहे.

पूर्ण बंद करायची तयारी अजून नसेल तर तेही डॉक्टरला तसंच सांग, खोटं कबूल करून येऊ नको. तोवर निदान ओढून मळणी यंत्राजवळ जाऊ नको, ट्रॅक्टरवर, गाडीवर बसू नको. पण उलट्या खरंच गांज्याच्या निघाल्या तर त्यात कमी करून भागत नाही, पूर्णच थांबवावा लागतो, हेही आत्ताच सांगून ठेवते.

तू एकटा नाहीस. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या २०१८ च्या देशभरातल्या पाहणीत भांग, गांजा, चरस घेणारे साधारण ३ कोटी १० लाख निघाले, आणि त्यातल्या जवळपास ७२ लाखांना मदतीची गरज आहे असा अंदाज होता. त्यातले किती जण तुझ्यासारखे मधेच अडकलेत, पुलावर विचारावं तर उत्तर चुकीचं, दवाखान्यात विचारावं तर लाज. तू निदान पत्र तरी लिहिलंस.

आईला लगेच सगळं सांगायची गरज नाही, पोटाच्या तपासणीला यवतमाळला चाललो एवढं सांग, ते खरंच आहे. नजर उतरवायची असेल तर उतरवू दे तिला, त्यानं काही बिघडत नाही, फक्त एसटी चुकवू नको.

आणि यवतमाळहून आल्यावर एक काम कर. तो जो पोरगा आता पुलावर येत नाही, त्याच्या घरी जाऊन ये. रिकाम्या हातानं जा, गांजा घेऊन नको. त्याला बोलायचं नसेल तर त्याच्या मायजवळ बस दहा मिनिटं, त्याला झोप लागते का, औषध सुरू आहे का, कोणत्या दवाखान्यात दाखवलं ते विचार, कुठेच दाखवलं नसेल तर १४४१६ लिहून दे. तुमच्यापैकी कोणी गेलं होतं का त्याच्याकडे, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. ते मला कळव.